हिरवा ठिपका आणि सुका बोंबील

न्हावा शेवाच्या माणसाला जगभरचं अन्न रोज दिसतं, पण बंद दाराआडून. करळ फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलं की पुढच्या कंटेनरचं दार वाचण्यापलीकडे दुसरा उद्योग नसतो. चार अक्षरं, सात आकडे, रिकाम्या डब्याचं वजन, भरलेल्या डब्याचं कमाल वजन. त्यातला सातवा आकडा आधीच्या दहा जणांवर निव्वळ पाळत ठेवण्यासाठी असतो. मधलं एखादं अक्षर चुकलं, तर सहसा गणित जुळत नाही आणि कॉम्प्युटर तो डबाच नाकारतो. इतकं प्रामाणिक लेबल मी आजवर कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावर पाहिलेलं नाही.

मी क्लिअरिंगच्या धंद्यातला. २६ मे १९८९ला हे बंदर सुरू झालं आणि आमच्या पंचक्रोशीची बोलीच बदलली. पूर्वी इथे 'पाऊस झाला का', 'भात कापला का' असं विचारत. आता 'डीओ आला का', 'एनओसी सुटली का', 'ओओसी झालं का' असं विचारतात. ओओसी म्हणजे आऊट ऑफ चार्ज. कस्टम्सने माल सोडला, आता जा. मुलगी पसंत पडल्याचा निरोप आल्यावर बापाला जेवढा आनंद होत नाही, तेवढा आम्हाला ओओसीने होतो.

खाण्याच्या मालाचं ओओसी मात्र सहजी होत नाही. मध्ये एफएसएसएआय हे अन्नसुरक्षेचं सरकारी खातं बसलेलं आहे. आयात मालाच्या आयुष्याचे साठ टक्के शिल्लक हवेत किंवा मुदत संपायला निदान तीन महिने तरी हवेत, दोन्हींपैकी जे कमी असेल ते. हा नियम माणसांना लावला असता, तर आमचे दाजी अमेरिकेहून लेकीकडून परत आले तेव्हा विमानतळावरच अडकले असते. लेबलांच्या बाबतीत मात्र खातं थोडं दयाळू आहे. आयातदाराचं नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक, एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि शाकाहारी-मांसाहारीची खूण, एवढ्या गोष्टी परदेशात छापायच्या राहिल्या असतील, तर त्या कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात बसून चिकटवता येतात. तेव्हा आमच्या भागातल्या मुली पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याखाली बसतात आणि बेल्जियमच्या चॉकलेटला एकेक हिरवा ठिपका लावत जातात. अँटवर्पहून निघालेलं ते चॉकलेट आठवडेच्या आठवडे समुद्रावर बिनजातीचं फिरत असतं. उरण तालुक्यात आल्यावर, ठिपका चिकटला त्या क्षणी, ते शाकाहारी होतं.

दाजी बँकेतून निवृत्त झाले आणि द्रोणागिरीला फ्लॅट घेऊन राहिले. आयुष्यभर इतरांच्या सह्या ताडून पाहिल्यावर रिकामं बसवेना. त्यात डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. मग ते खिशात भिंग घेऊन सुपरमार्केटात जाऊ लागले. लोक सामान घ्यायला जातात, दाजी वाचायला जात. दुकानातल्या पोरांना सुरुवातीला वाटलं की अन्न खात्याचा साहेब आला. त्यांनी दोनदा थंड पाणी दिलं. नंतर कळलं की ग्राहकच आहे, तेव्हा पाणी बंद झालं.

दाजींना पहिला साक्षात्कार झाला तो असा की घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. या एका नियमाने त्यांच्या घरातला बराचसा ऐवज उघडा पडला. 'मल्टिग्रेन' बिस्किटात पहिला मैदा, मग साखर, मग पाम तेल. आणि पुड्यावरच्या चित्रात शेतकऱ्याच्या ओंजळीतून सांडणारी ती पाच धान्यं यादीच्या शेपटाला, इन्व्हर्ट सिरपच्याही मागे, टक्क्याच्या भाषेत हजेरी लावून गेलेली. दुसरा साक्षात्कार सर्व्हिंगचा. पुडा वीस बिस्किटांचा, पण उष्मांकांचा हिशेब दोन बिस्किटांचा. चहाबरोबर दोनच बिस्किटं खाऊन थांबणारा हा सद्गृहस्थ कोण, त्याला एकदा भेटायचंय, असं दाजी कितीतरी दिवस म्हणत होते. शेजारच्या रकान्यात रोजच्या गरजेपैकी किती टक्के हे लिहिलेलं असतं. ते दोन हजार किलोकॅलरी, ५० ग्रॅम वरची साखर आणि ५ ग्रॅम मीठ धरून काढलेलं असतं. पाच ग्रॅम मीठ म्हणजे चमचाभर. ताईच्या हातची आंबाडीची भाजी तेवढं एकटीच्या जोरावर घेऊन येते, आणि तिच्यावर लेबल नसतं.

पण दाजी खरे हादरले ते हिंगाच्या डबीने. घरात तीन पिढ्या त्याच हिंगाची फोडणी. भिंग लावून पाहिलं तर आधी खाण्याचा डिंक, मग मैदा, आणि मग शेवटी हिंग. यात फसवणूक काहीच नाही. अस्सल हिंग इतका उग्र असतो की तो असाच मिसळून विकतात आणि लेबलावर तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. तो मूळ चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौलमध्ये त्याची रोपं लावली गेली ती थेट २०२०मध्ये. म्हणजे आपल्या पंचपक्वान्नांची जी अस्सल मराठी फोडणी, तिचा वास परदेशी, डिंक बहुतेक आफ्रिकेचा आणि स्वदेशी काय, तर मैदा.

"आणि मी पिझ्झ्याला मैदा म्हणून नाकं मुरडत होतो," दाजी म्हणाले.

इथवर सगळं साखर-मिठाचं होतं आणि ताईलाही चालत होतं. बिघडलं ते भाचीचा फोन आल्यावर. तिने अमेरिकेतून बापाला 'फूड माइल्स' समजावून सांगितले. अन्न किती लांबून आलं त्यावर पर्यावरणाचं किती नुकसान झालं ते ठरतं, असं काहीतरी. दाजींनी त्यातलं निम्मं ऐकलं आणि पूर्ण अमलात आणलं. बंदरातून आलेलं काहीही घरात येणार नाही, असा त्यांनी फतवा काढला. आता ज्या माणसाच्या गॅलरीतून बंदराच्या क्रेन दिसतात, त्याने असा पण करणं हे जरा धाडसाचंच.

पहिला बळी बदामांचा. ताई रोज रात्री पाच बदाम भिजत घालते. ते कॅलिफोर्नियाचे. अमेरिकेबाहेर तिथल्या बदामांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. बदामांबाबत दाजींचा नेम बरोबर लागला, पण कारण भलतंच निघालं. खरा प्रश्न समुद्राचा नव्हे, पाण्याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात एक बदाम पिकवायला चार लिटरच्या आसपास पाणी लागतं असा हिशेब आहे. पाच बदाम म्हणजे वीस लिटर, म्हणजे एक बादली. मे महिन्यात रानसई धरणाचं पाणी कमी झालं की इकडे एका बादलीवरून जिन्यात भांडणं होतात; आणि ताई रोज रात्री एक अख्खी बादली वाटीत भिजत घालते.

दुसरा बळी सफरचंद. इथे दाजी कच्चे निघाले. त्यांनी वॉशिंग्टनचं सोडून काश्मीरचं धरलं, स्वदेशी म्हणून. मी त्यांना आमच्या धंद्याचा साधा हिशेब मांडून दाखवला. मोठं कंटेनर जहाज एक टन माल एक किलोमीटर नेताना दहा-वीस ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. ट्रक त्याच्या पाच ते दहापट सोडतो. विमान पन्नासपटीच्या घरात जातं. श्रीनगरहून मुंबईला येणारं सफरचंद ट्रकमध्ये बसून दोन हजारांहून जास्त किलोमीटर हादरत येतं. इराणच्या बंदर अब्बासहून न्हावा शेवाला समुद्राने अंतर जवळजवळ तेवढंच, पण जहाजाच्या दराने. त्यामुळे इराणचं जास्त निर्मळ, असं दाजी लगेच म्हणाले. तर इराणातल्या सफरचंदांच्या बागा मुख्यतः वायव्येला, उर्मियाकडे, आणि बंदर अब्बास पार दक्षिणेला. म्हणजे तिथेही आधी ट्रक आलाच. शिवाय आपल्याकडे उतरलेलं सफरचंद उरणला येत नाही. ते आधी वाशीच्या एपीएमसीत जातं, तिथे सौदा होतो, आणि मग टेम्पोत बसून ज्या रस्त्याने गेलं त्याच रस्त्याने उरणच्या गाडीवर परत येतं. बंदराच्या दारात राहून बंदराचं सफरचंद शिळं खाणारे आम्हीच.

फळांवरच्या चिकटपट्टीचंही दाजींनी शास्त्र केलं. चार आकडे म्हणजे नेहमीची शेती, नऊने सुरू होणारे पाच आकडे म्हणजे सेंद्रिय, एवढंच त्याचं खरं गूढ. पण मे २०२५मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार घातला आणि फळांवरचं बारीक अक्षर वाचण्याची अचानक देशव्यापी साथ आली. पर्यावरणाने पन्नास वर्षांत जे साधलं नव्हतं, ते परराष्ट्र धोरणाने आठवड्यात साधलं. बारकोडही त्यातून सुटला नाही. ८९०ने सुरू होतो तो माल भारतीय, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. ८९० म्हणजे फक्त कंपनीने भारतात नोंदणी केली. आतला माल चंद्रावरचाही असू शकतो.

कडेलोट झाला तो सेंद्रिय गुळामुळे. दाजी आणि ताई गाडी काढून वाशीच्या मॉलमध्ये गेले आणि एक किलो रसायनमुक्त गूळ, कागदी पिशवीतला, घेऊन आले. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या वर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर साडेतीन लिटर पेट्रोल. लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आठ किलो. एक किलो वॉशिंग्टनचं सफरचंद अख्खा प्रशांत महासागर ओलांडून येताना जेमतेम पाव ते अर्धा किलोचं पाप करतं. म्हणजे दाजींच्या एका गुळाच्या पिशवीत निदान सोळा किलो अमेरिकन सफरचंदं आली असती. हे मी सांगितलं तेव्हा ताई फक्त दाजींकडे पाहत राहिली. सदतीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला कधी लेबल लागलं नव्हतं, पण घटक स्पष्ट होते आणि उतरत्या क्रमाने होते.

खरं तर अन्नामुळे होणाऱ्या एकंदर उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच आहे. २०१८मध्ये पूर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांमधल्या ३८,७०० शेतांची माहिती गोळा करून हा हिशेब मांडला. त्यातून निघालं ते असं की अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे हे कितीतरी जास्त महत्त्वाचं. एक किलो चीजमागे वीस किलोंहून जास्त हरितगृह वायू, एक किलो वाटाण्यामागे एखादा किलो. पाण्यात उभ्या भाताच्या खाचरातून मिथेन निघतो, म्हणून तांदूळ चारच्या घरात.

आता गंमत पाहा. ज्या हिरव्या ठिपक्याने आपण घराघरांत पंगती मांडतो आणि मोडतो, त्याचा या हिरवेपणाशी काहीएक संबंध नाही. पनीरवर हिरवा ठिपका. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध, दुधाच्या लिटरमागे जागतिक सरासरीने तीनेक किलो वायू. त्रैराशिक मांडा, पंधरा किलो कुठे गेले नाहीत. उलट सुका बोंबील. करंजाच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर टांगायचा आणि उन्हात सोडायचा. ना शीतगृह, ना वीज, ना पॅकिंग. होडीचं डिझेल काय लागलं असेल तेवढंच. तो पाकिटात घातला, की त्याच्यावर मात्र तपकिरी त्रिकोण. पूर्वी तिथेही गोल होता. रंगांधळ्या माणसालाही फरक कळावा म्हणून २०२०च्या नियमांनी त्रिकोण केला. फार सोयीचं झालं, आता रंगांधळा माणूसही चुकून पर्यावरणाचं भलं करणार नाही.

दाजी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. त्या दिवशी घरी पनीर असतं. बुधवारी बोंबील. माझ्या हिशेबाने दाजी पृथ्वीच्या दृष्टीने बुधवारी सोवळ्यात असतात.

त्यांना हे पटलं, पण लेबलाची सवय सुटेना. उरणच्या बाजारात बोंबीलवालीला त्यांनी पॅकिंगची तारीख विचारली. ती आधी हसली, मग शेजारणीला सांगून हसली, आणि मग बांगडा उचलून त्याचे कल्ले उलटून दाजींच्या चष्म्यासमोर धरले. "यो बग ना शेट, लाल हाय का नाय? आजून कंची तारीख पायजे?" आमच्या इथल्या कोळणींचं लेबल हे असं. पण ते वाचायला मासळी मिळाली पाहिजे. बंदरासाठी खाडी भरली, खारफुटी गेली, होड्यांच्या वाटा बंद झाल्या. २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींच्या वर भरपाई द्यायचा निकाल दिला. सफरचंदाच्या चिकटपट्टीवर ही किंमत कुठे मावणार? जहाजाचे दहा-वीस ग्रॅम मोजताना ते जहाज ज्या धक्क्याला लागतं, तो धक्का कोणी मोजत नाही. मी ज्या बंदरावर पोट भरतो त्याच्याबद्दल हे लिहितोय, हे मला माहीत आहे.

सगळं लेबलावर लिहून टाकायचा प्रयत्न एकदा विलायतेत झाला. टेस्को या बड्या दुकानसाखळीने २००७मध्ये जाहीर केलं की आपल्या सत्तर हजार वस्तूंवर कार्बनचा आकडा छापू. एकेका वस्तूचा हिशेब काढायला महिनोन्‌महिने लागू लागले. पाच वर्षांनी त्यांनी नाद सोडला. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४मध्ये निदान एवढं केलं की 'पर्यावरणस्नेही', 'हरित' असले शब्द पुराव्याशिवाय छापायचे नाहीत, असे दंडक घातले. त्यानंतर एका पाकिटावरून 'निसर्गाच्या कुशीतून' गेलं आणि नुसतं झाडाचं चित्र राहिलं. झाड काही दावा करत नाही.

आणि तरी लेबल कसं असावं हे आपल्या माणसांना चांगलं येतं. पुरावा म्हणजे निफाड-दिंडोरीची द्राक्षं. इथून ती थंड डब्यात बसून रॉटरडॅमला जातात. प्रत्येक द्राक्षबाग नोंदलेली, औषधांच्या अंशाची तपासणी केलेली. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेमुळे तिकडच्या अधिकाऱ्याला खोक्यावरच्या क्रमांकावरून थेट शेतकऱ्याच्या बागेपर्यंत पोचता येतं. २०१०मध्ये क्लोरमेक्वाटचा अंश सापडून कंटेनर अडकले, तेव्हा या धंद्याने रक्ताचं पाणी केलं आणि पुढे ते सगळं आणखी कडक झालं. थोडक्यात, हॉलंडमधल्या आजीबाईच्या वाटीतला द्राक्षाचा घड निफाडच्या कुठल्या गटातला हे शोधून काढता येतं. त्याच निफाडची द्राक्षं दाजी उरणच्या हातगाडीवर घेतात तेव्हा गाडीवाला विचारतो, गोड की आंबट. आपल्याकडे ग्रेपनेट एवढंच. चाखून बघा, नाहीतर पुढे व्हा.

पाम तेलाचं काय करायचं, यावर दाजी अजून विचार करताहेत. इंडोनेशिया-मलेशियात त्याच्यापायी जंगलं तोडली गेली हे खरं. पण एकरी तेल काढण्यात पामच्या जवळपासही सोयाबीन किंवा मोहरी येत नाही, हेही खरं. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर जमीन कितीतरी जास्त लागेल. असल्या दुधारी गोष्टींना कुठल्या रंगाचा ठिपका लावायचा? ताईने तोडगा काढला: तळणच कमी. दाजींना तो तोडगा पर्यावरणाच्या दृष्टीने मान्य आणि इतर सर्व दृष्टींनी अमान्य आहे.

गणपती आले. नैवेद्याला वरण-भात हवाच. दाजींनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की आपली तूर पुरत नाही म्हणून ती मोझांबिक, म्यानमार, टांझानियाहून येते. मोझांबिकशी तर २०१६मध्ये सरकारी करारच झालेला आहे. मला ते नवं नव्हतं. तुरीचे डबे आमच्याकडेही येतात. पण बाप्पाच्या पानात नेमकी कुठली तूर जातेय हे कळल्याशिवाय दाजींना चैन पडेना. लातूरची असेल तर पाऊस, ट्रक, महाराष्ट्राचा शेतकरी असा एक हिशेब. मोझांबिकची असेल तर जहाज, दहा-वीस ग्रॅम, आफ्रिकेतला शेतकरी असा दुसरा. कुठला बरा ते त्यांना नंतर ठरवायचं होतं, आधी कुठली ते तरी कळू दे. सुट्या डाळीवर लेबल नाही. भिंग खिशात, पण वाचणार काय?

शेवटी त्यांनी गल्लीतल्या वाण्याला सरळ विचारलं, "ही तूरडाळ लातूरची की मोझांबिकची?"

वाण्याने पोत्यात मापटं खुपसलं आणि दाजींकडे मान वर करून म्हणाला, "काका, तुम्हाला कुठची पायजे ते बोला. यातूनच देतो."